छावणीचे शास्त्र आणि मराठी गद्य

रोमन सैन्याने आपला तळ कसा आखावा, हे सांगणारी एक छोटी लॅटिन पुस्तिका उपलब्ध आहे. तिचा आरंभीचा भाग नष्ट झालेला आहे. हायजीनस नामक भूमापकाचे नाव तिला पुढे चिकटले. अभ्यासक ते मानीत नाहीत, आणि तिच्या काळाविषयीही त्यांचे एकमत नाही. तीन लीजन व त्यांचे साहाय्यक दळ यांच्यासाठी २४०० फूट लांब, १६०० फूट रुंद, कोपरे गोलसर असा आयत तीत कल्पिला आहे. पुढे सारा हिशेबच आहे. तंबूस दहा फूट, शस्त्रांस पाच, जनावरांस नऊ. समोरासमोरच्या दोन ओळींचे अठ्ठेचाळीस होतात, आणि साठ फुटी पट्ट्यात उरलेले बारा फूट माणसांच्या येण्याजाण्याचे. शतक म्हणवणाऱ्या तुकडीत माणसे ऐंशी, एका तंबूत आठ. पण सोळा जण सदैव पहाऱ्यावर असावयाचे, म्हणून तंबू दहा नव्हेत, आठच! या रुक्षतेतही कोठे कोठे माणूस डोकावतो. रुग्णांना शांतता लाभावी म्हणून लोहारकाम चालणारी कर्मशाळा रुग्णालयापासून दूर ठेवावी, असे लेखक सांगतो.

या पुस्तिकेतील एका शब्दापाशी अनुवादकाला थांबावे लागते. तळावर वरचढ ठरणारी टेकडी, शत्रूला आडोसा देणारे रान, अशा घातक जागांना जुने लोक ‘सावत्र आया’ म्हणत, असे लेखक नमूद करतो. मराठीत या उपमेला टीपेची गरज नाही. हीच चिंता रामचंद्रपंत अमात्यांच्या १७१५ च्या सुमाराच्या ‘आज्ञापत्रा’त आहे: किल्ल्यासमीप त्याला दबवणारा दुसरा डोंगर असू नये, असल्यास सुरुंगाने तो खाली आणावा, अथवा बांधून किल्ल्यातच सामावून घ्यावा. अमात्यांनी दुर्गांवर स्वतंत्र प्रकरण लिहिले, परंतु मैदानातील तळाच्या आखणीचे शास्त्र असे त्यात नाही. संस्कृतात ते होते. कौटिल्याच्या दहाव्या अधिकरणाचा आरंभच स्कंधावाराच्या निवेशाने होतो.

मग मराठी फौजेचे तळ केवळ अव्यवस्थेने पडत असत काय? इंग्रज लेखकांवरून आपला तसा ग्रह होतो खरा. परंतु दौलतराव शिंद्यांच्या लष्करासोबत १८०९ साली हिंडलेल्या ब्रौटनची पत्रे निराळी साक्ष देतात. बिनीवाला पुढे जाऊन पांढरे निशाण रोवी. तेथे महाराजांची देवडी. मग एकेका बाजाराचे झेंडे ठरलेल्या क्रमाने उभे राहत, आणि दुकानांच्या दोन समांतर ओळींतून तीन-चार मैल लांबीचा रस्ता तयार होई. देवडीसमोरून त्याला काटकोनात दुसरा रस्ता फुटे. रोमन तळाचा सांगाडाही याहून फारसा वेगळा नाही. योगायोग असा की, मी ज्या यशवंतपुरात राहतो त्या बेंगळूर नगरात इंग्रजांची छावणी वसली, ती याच १८०९ साली, श्रीरंगपट्टणहून सैन्य हलवून. कन्नड लोक तिला ‘दंडु’ म्हणतात. आखणीचे ज्ञान बिनीवाल्याच्या अंगवळणी पडलेले होते. ते ग्रंथात उतरले नाही, भाषेत मात्र उतरले. गोट, तळ, कूच, मुक्काम हे शब्द आज राजकारणाच्या बातम्यांत सुखाने नांदतात, आणि ‘बिनीचा’ हे तर गौरवाचे विशेषण झाले.

तथापि मराठी गद्यात छावणीविषयी काहीच लिहिले गेले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. राज्याभिषेकापूर्वी शिवाजी महाराजांनी चिपळूणकडील लष्कराच्या अधिकाऱ्यांना धाडलेले पत्र प्रसिद्ध आहे. पावसाळ्याची बेगमी आताच उधळाल तर पुढे घोडी उपाशी मरतील. मग तुम्ही रयतेचा दाणा, वैरण, भाजीपाला ओढाल, आणि लोकांना तुमच्यापेक्षा मोगल बरा वाटेल, असा त्याचा आशय. शिवाय रात्री दिवे उघडे ठेवू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजी पेटतील, अशी ताकीद. रोमन पुस्तिकेतील आयतात शेजारचा गावकरी कोठेच दिसत नाही. या पत्रात तोच केंद्रस्थानी आहे, आणि फुटाचे एकही माप नाही. ही आज्ञा पुढे किती पाळली गेली, हा प्रश्न वेगळा; ब्रौटनच्या पत्रांत तुडवलेली शेते पुष्कळ आहेत. पण आपल्या गद्याचे इतिहासकार बखरींच्या अलंकारांवर पाने खर्चून हे पत्र ‘ऐतिहासिक साधन’ म्हणून बाजूस सारतात, हे मला पटत नाही. कार्यकारणाची साखळी इतक्या थोड्या शब्दांत, उंदरापासून राज्याच्या लौकिकापर्यंत नेणारे गद्य त्या शतकात फार नाही.

रोमनांच्या ‘मेटाटोर’ या तळ आखणाऱ्या अधिकाऱ्यासाठी मी अनुवादात ‘बिनीवाला’ हाच शब्द योजला आहे. त्याला पेशवाईचा वास येतो, अशी तक्रार एका मित्राने केली. ‘शिबिर-आरेखक’ हा त्याने सुचवलेला पर्याय मी ऐकून घेतला. शब्द ‘बिनीवाला’च राहिला.