जीप ठेवावी की मोडीत काढावी

१९४७ साली मुंबईत महिंद्रांनी विलीज जीपची जोडणी सुरू केली. लढाईसाठी घडलेलं हे वाहन पुढं आपल्या शेताच्या बांधाला लागलं. पेट्रोलचा खर्च खेड्याला झेपेना. मग प्यूजोचं डिझेल इंजिन आलं, आणि कन्नड-वैजापूरकडं जीप काळीपिवळी होऊन धावली.

आमचीही त्यातलीच. चाळीसगावहून सरकी पेंड आणताना औट्रम घाटात पाणी उकळायचं. पण अडलेली बाळंतीण तिनं रात्रीतून औरंगाबादच्या घाटी दवाखान्यात पोचवली.

आता चासी गंजली. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी पासिंग. त्यात एप्रिल २०२२ मध्ये खासगी गाडीची नूतनीकरण फी ६०० वरून ५,००० रुपये झाली. भंगारवाला वजनावर भाव करतो. आई म्हणते, "म्हातारा बैल कुणी दावणीवरून हाकलतं का रं?" खरंय, पण बैल घरचा कडबा खातो, जीप रोकडा खाते.

शेवटी हिशेब वाटेवर आला. पावसाळ्यात शेताच्या चिखलात कार जात नाही, जीप जाते. म्हणून चासीला वेल्डिंग, इंजिनाला नुसत्या रिंगा. पत्रा, रंग नाही. वाटेवर डांबर पडलं, की मग तिला खुशाल निरोप द्यावा.