एक नाणे, एक नमो मरिया

फ्रान्समधील ल्यों हे शहर रेशमासाठी प्रसिद्ध. परंतु ख्रिस्तसभेच्या मिशनकार्याच्या इतिहासात ते अजरामर झाले ते तेथील एका रेशीम व्यावसायिकाच्या कन्येमुळे. पोलीन जारिको हे तिचे नाव. दहा जणांचा एक गट, प्रत्येकाने दररोज प्रार्थना करावी व आठवड्याला एक सू बाजूला ठेवावा, अशी साधी योजना तिने आखली आणि तिच्यातूनच 3 मे 1822 रोजी धर्मप्रसार संस्था उभी राहिली. सू म्हणजे फ्रँकचा विसावा भाग. गिरणीत राबणाऱ्या मजूर स्त्रीलाही देता येईल असे नाणे.

याच पोलीनकडे 1842 साली नॅन्सीचे बिशप शार्ल द फोर्बिन-जान्सन सल्ल्यासाठी आले. बिशप होते, पण स्वतःच्या धर्मप्रांताला पारखे झालेले. 1830 च्या क्रांतीनंतर त्यांना नॅन्सी सोडावी लागली होती. मधल्या काळात ते अमेरिका व कॅनडात फिरून आले होते. चीनला जाण्याची त्यांची इच्छा फार जुनी. तिथून मिशनऱ्यांची पत्रे येत, त्यांत टाकून दिलेल्या, मरणोन्मुख तान्ह्या मुलांची वर्णने असत, आणि ती त्यांना स्वस्थ बसू देत नसत. या मुलांसाठी फ्रान्सच्या मुलांनीच काही करावे, असे त्यांच्या मनाने घेतले.

दुसऱ्याच वर्षी, 1843 मध्ये, येशूच्या पवित्र बालपणाचे नाव दिलेला बालसंघ पॅरिसमध्ये स्थापन झाला. येशूच्या बालपणाची बारा वर्षे म्हणून बारा-बारा मुलांचे गट. रोज एक 'नमो मरिया', महिन्याला एक सू. पोलीनने मोठ्यांकडून आठवड्याला मागितले तेवढेच बिशपमहोदयांनी मुलांकडून महिन्याला मागितले! स्थापनेनंतर जेमतेम वर्षभराने, जुलै 1844 मध्ये, ते देवाघरी गेले. चीनचा किनारा त्यांनी कधीच पाहिला नाही.

संघ मात्र वाढला. जर्मनीत आखेन शहरी 1846 मध्ये त्याची शाखा निघाली, आणि ती काढणारी ऑगुस्टे फॉन सार्टोरियस स्वतः सोळा वर्षांच्या आतबाहेरची मुलगी होती. हे वाचताना आम्हांला नेहमी वाटते, की मुलांना मिशनकार्याची गोडी लावण्यासाठी वडीलधाऱ्यांनीच पुढाकार घ्यावा लागतो, हा आपला समज तपासून पाहायला हवा.

फ्रान्समध्येच लिस्यू गावी 12 जानेवारी 1882 रोजी नऊ वर्षांच्या एका मुलीचे नाव संघात नोंदविले गेले. तेरेझ मार्तें. आपल्या चर्चमध्ये हाती गुलाब घेऊन उभी असलेली संत तेरेजा ती हीच. पुढे कार्मेल मठाच्या भिंतीआड गेल्यावर चीनला निघालेल्या अडोल्फ रूलां या तरुण धर्मगुरूंसाठी प्रार्थना करण्याची जबाबदारी तिच्यावर आली, तेव्हा त्यांच्या सिचुआन प्रांताचा नकाशा तिने आपल्या कामाच्या खोलीत भिंतीवर लावला होता. 1927 साली पोप अकरावे पायस यांनी तिला संत फ्रान्सिस झेवियरच्या जोडीने मिशनकार्याची आश्रयदाती घोषित केले. नवव्या वर्षीच्या त्या नोंदणीला आम्ही सारे श्रेय देणार नाही. पण चीनच्या मुलांशी जडलेले नाते पंधरा वर्षांनी एका नकाशापर्यंत पोहोचले, एवढे खरे.

या इतिहासाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण ती सहसा सांगितली जात नाही. सू गोळा करण्यासाठी मुलांपुढे चीनचे जे चित्र ठेवले गेले, ते दयेचे असले तरी अपुरे होते. त्यात चिनी आई दिसे ती निष्ठुर, आणि चिनी मूल दिसे ते विकत घेऊन सोडवायचे. अमेरिकेतील कॅथोलिक शाळांत तर विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पाच डॉलर जमवून एखाद्या 'परधर्मी बाळाला' आपल्या आवडीचे नाव देण्याची प्रथा होती. चीनमधील अनाथालयांचा मोठा आधार बालसंघ होता. तेथे मरणाच्या दारातली बाळे आणली जात, त्यांना बाप्तिस्मा दिला जाई, आणि त्यांतली पुष्कळ दगावत. तिआन्जिन शहरात मुले आणून देणाऱ्यांना पैसे मिळत असल्याने मुले पळविणाऱ्यांचे फावते, अशी वदंता उठली. त्यातच 1870 च्या जून महिन्यात अनाथालयातील अनेक मुले रोगाने मृत्यू पावली. 21 जून रोजी जमाव जमला. फ्रेंच वकिलाने गोळी झाडली, आणि मग कोणीच कोणाला आवरेना. वकील मारला गेला, चर्च जाळले गेले, दहा धर्मभगिनी आणि कित्येक चिनी ख्रिस्ती प्राणास मुकले.

त्या भगिनींच्या सेवाभावाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण ज्यांच्यासाठी आपण नाणे टाकतो त्यांच्या आईबापांना आपले नाणे कसे दिसते, हा प्रश्न युरोपातल्या वर्गांत कोणी मुलांना विचारला नव्हता.

नवल असे, की या सर्वांच्या तीनशे वर्षे आधी झेवियरने निराळी वाट दाखविली होती. 1542 साली गोव्यात उतरल्यावर तो घंटा वाजवीत रस्त्यांतून फिरे व मुलांना धर्मशिक्षणासाठी गोळा करी, हे आपण जाणतोच. पुढची हकिगत तमिळ किनाऱ्यावरची आहे, आणि ती त्याच्याच जानेवारी 1544 च्या पत्रात आहे. आजाऱ्यांच्या घरून इतकी बोलावणी येत, की एकट्याने जाणे अशक्य. तेव्हा प्रार्थना पाठ झालेल्या मुलांनाच तो पाठवी. त्यांनी जावे, घरच्यांना व शेजाऱ्यांना जमवावे, सर्वांसह प्रार्थना म्हणावी आणि आजाऱ्याला धीर द्यावा. शिकलेले आईवडिलांनाही शिकवावे, असेही त्याने मुलांना सांगितले होते. येथे मूल केवळ पेटीत नाणे टाकणारे नव्हते, की कोणाच्या नाण्याची वाट पाहणारेही नव्हते. कोळ्यांची ती पोरे आपल्याच वाड्यातल्या आजाऱ्याच्या उशाशी उभी होती.

आपल्या वसईच्या मुलांना तर हे जवळून सांगता येईल. संत गोन्सालो गार्सिया याच मातीत वाढला, किशोरवयात जपानला गेला आणि 1597 मध्ये नागासाकी येथे क्रुसावर हुतात्मा झाला. मिशनऱ्यांची गलबते केवळ युरोपातूनच सुटत नसत. गोन्सालोला संतपद मिळाले ते 1862 साली. त्याच वर्षीच्या जानेवारीत पोलीन कर्जबाजारी अवस्थेत ल्योंमध्ये वारली होती. तिला धन्यवादित घोषित करण्यात आले ते 2022 च्या मे महिन्यात.

बालसंघाला 1922 मध्ये पोपमहोदयांच्या संस्थांमध्ये स्थान मिळाले. काळाबरोबर त्याची भाषा बदलली. 'मुलांनी मुलांना मदत करावी' हे जुने सूत्र राहिले, 'सोडवून आणण्याची' भाषा मागे पडली. आखेनच्या त्याच शाखेने 1959 पासून तीन राजांच्या सणाचा एक उपक्रम जर्मनीभर चालविला आहे. मुले राजांचे वेष करून, तारा हाती घेऊन, जानेवारीच्या थंडीत घरोघर जातात, गातात, दूरदेशीच्या मुलांसाठी दान मागतात. आणि निघताना त्या घराच्या चौकटीवर खडूने आशीर्वादाची अक्षरे लिहून ठेवतात.