डॉ. कोटणीस यांची चीनमधील विद्यार्थिदशा

डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस हे नाव महाराष्ट्रात ज्याने ऐकले नाही असा सुशिक्षित माणूस मिळणे कठीण. परंतु बहुतेकांस ते प्रथम कळले ते चित्रपटगृहात. ख्वाजा अहमद अब्बास यांनी १९४४ साली त्यांच्यावर पुस्तक लिहिले आणि १९४६ साली व्ही. शांताराम यांनी त्यावरून बोलपट काढला. या बोलपटाचे उपकार आम्ही नाकारीत नाही. तथापि बोलपटाला नायक लागतो, आणि नायक पहिल्या प्रसंगापासूनच नायक असावा लागतो. पाटी-पेन्सिल घेऊन परक्या भाषेची मुळाक्षरे गिरविणारा माणूस पडद्यावर शोभत नाही. आज आम्हांस बोलावयाचे आहे ते या दुसऱ्या, शिकणाऱ्या कोटणिसांविषयी. ते चीनला सेवा करावयास गेले हे सर्वांस ठाऊक आहे. तेथे जाऊन त्यांस किती शिकावे लागले, कोणापाशी शिकावे लागले, आणि शिकल्यावाचून त्यांची सेवा कशी निरुपयोगी ठरली असती, हे सांगावयाचे राहून गेले आहे.

जुलै १९३७ मध्ये जपानने चीनवर चढाई केली. त्याच वर्षाच्या अखेरीस आठव्या मार्गसेनेचे सेनापती जू द यांनी पंडित नेहरूंना पत्र धाडून वैद्य व औषधे यांची मागणी केली. १९३८ साली सुभाषबाबू काँग्रेसचे अध्यक्ष होते. देशभर 'चीन दिन' पाळले गेले, निधी जमला, आणि पाच डॉक्टरांचे पथक १ सप्टेंबर १९३८ रोजी मुंबईहून 'राजपुताना' बोटीने निघाले. पथकाचे प्रमुख अलाहाबादचे डॉ. अटल; ते स्पेनच्या यादवी युद्धात काम करून आलेले. नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बसू व डॉ. मुखर्जी, आणि सोलापूरचे कोटणीस. कोटणिसांचे वय त्या वेळी अठ्ठावीस पुरे व्हावयाचे होते. मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजातून ते नुकतेच बाहेर पडले होते आणि पुढील अभ्यासाच्या तयारीत होते. शिक्षकवर्ग हिंदी असावा अशा आग्रहातून हे कॉलेज १९२६ मध्ये निघाले होते, हेही येथे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

मुंबई बंदराचा आणि चीनचा संबंध तसा जुना, परंतु फारसा अभिमानास्पद नव्हे. माळव्याची अफू याच बंदरातून चीनला जात असे आणि त्या व्यापाराच्या पैशावर या शहरातील कित्येक पेढ्या उभ्या राहिल्या. अफूच्या युद्धांत आणि पुढे १९०० सालच्या स्वारीतही इंग्रजांनी हिंदी पलटणी चीनवर नेल्या. म्हणजे चिनी शेतकऱ्याने शंभर वर्षांत हिंदी माणूस पाहिला असलाच तर तो अफूच्या पेटीमागे किंवा इंग्रजाच्या बंदुकीमागे. औषधांच्या पेट्या घेऊन, कोणाच्या हुकुमाखेरीज आलेला हिंदी माणूस ही गोष्ट नवी होती, आणि ती पाठविणारा देश अद्याप स्वतःच परतंत्र होता.

पथक सप्टेंबरच्या मध्यास कँटनला उतरले. पुढच्याच महिन्यात कँटन आणि हँकौ ही दोन्ही शहरे जपान्यांच्या हाती पडली. पथक मागे सरत चुंगकिंग येथे पोचले. तेथे शांतिनिकेतनच्या चीन-भवनाचे आचार्य तान युन-शान यांनी पाचही जणांस चिनी नावे दिली. प्रत्येक नावाच्या अखेरीस 'हुआ' हे अक्षर. त्याचा अर्थ चीन. कोटणिसांचे झाले 'के दि-हुआ'. बारसे झाले, आता बोलावयास शिकणे आलेच. चुंगकिंगलाच कोटणिसांना वडिलांच्या निधनाची वार्ता कळली. परत जाण्यास कोणाची हरकत नव्हती. ते गेले नाहीत.

फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक येनानला पोचले. पिवळ्या मातीच्या डोंगरांत खोदलेल्या गुहा, त्या गुहांतच बिछाने, त्यांतच शस्त्रक्रिया. मुंबईच्या रुग्णालयात जे सामान हात पुढे करताच मिळते त्याची येथे वाट पाहण्यातच महिने जात. येथून पुढे पथक विरळ होत गेले. चोळकर व मुखर्जी प्रकृतीमुळे १९३९ मध्येच परतले, अटल १९४० मध्ये. आमच्याकडे कोटणिसांची थोरवी सांगताना या तिघांचा उल्लेख ओझरता, किंचित कमीपणाने होतो. हे आम्हांस न्याय्य वाटत नाही. ती थंडी, ते अन्न आणि ती पायपीट ज्याने सोसली नाही त्याने परतणाऱ्याचा हिशेब मांडू नये. उरले दोघे, बसू आणि कोटणीस. त्यांनी १९४० मध्ये शत्रूच्या फळीमागील डोंगरी मुलखाची वाट धरली. हा मुलूख शान्सी, चाहार व होपे या तीन प्रांतांच्या सीमेवरचा. रेल्वे व शहरे जपान्यांकडे, डोंगर व खेडी आठव्या मार्गसेनेकडे, अशी तेथील वाटणी होती.

येथे थोडे थांबून या मुलखाविषयी सांगितले पाहिजे. कोटणीस ज्या तांग परगण्यात येऊन राहिले त्याला लागूनच सपाटीवर तिंग-शिएन नावाचा परगणा आहे. वस्ती त्या काळी सुमारे चार लाख. चिनी ग्रामशिक्षणाचा सर्वांत गाजलेला प्रयोग या परगण्यात झाला, आणि त्याचे मूळ विद्यार्थ्यांच्या परदेशसेवेतच आहे. पहिल्या महायुद्धात इंग्रज व फ्रेंच सरकारांनी खंदक खणण्यास आणि ओझी वाहण्यास लाखाहून अधिक चिनी मजूर फ्रान्सला नेले होते. अमेरिकेत शिकणारे काही चिनी विद्यार्थी त्यांच्या सेवेस गेले. त्यांत येल विद्यापीठातून १९१८ साली पदवी घेतलेले येन यांग-छू होते. मजुरांची पत्रे लिहून देणे हे त्यांचे काम. पत्रे लिहून लिहून ते थकले आणि म्हणाले, यापेक्षा तुम्हांसच लिहावयास शिकवितो. मजूर शिकले. येन यांनी मात्र पुढे जन्मभर उलटेच सांगितले, की त्या छावणीत अडाणी होतो तो मी. ज्यांच्या देशाचा म्हणून मी मिरवीत होतो त्या माणसांची मला ओळखच नव्हती.

ती ओळख करून घेण्यासाठी ते तिंग-शिएनला आले. १९२६ पासून तेथे शाळा, शेती, आरोग्य अशी कामे उभी राहिली. आरोग्याचे काम १९३२ पासून डॉ. छेन जृ-छिएन यांच्याकडे होते. ते रॉकफेलर निधीवर चालणाऱ्या पेकिंगच्या वैद्यक महाविद्यालयाचे पदवीधर. त्यांच्या ध्यानी आले की शहरी डॉक्टर खेड्यात पुरणार नाही आणि टिकणारही नाही. मग त्यांनी प्रौढांच्या साक्षरता वर्गांतून बाहेर पडलेले शेतकरीच निवडले, त्यांस थोड्या दिवसांचे शिक्षण दिले आणि हाती मोजक्या औषधांची पेटी दिली. देवी टोचणे, जन्ममृत्यूंची नोंद ठेवणे, विहीर स्वच्छ राखणे, साध्या जखमेस औषध लावणे, एवढेच काम. न पेलणारा रोगी असल्यास त्यास वरच्या ठाण्यावर पाठवावयाचे. पेकिंगचे वैद्यक विद्यार्थी हे काम पाहावयास व करावयास या खेड्यांत येत, आणि खाटेवरच्या रोग्यापलीकडे घर असते हे तेथे त्यांस प्रथम दिसे. १९३७ मध्ये जपानी सेना आली आणि हा प्रयोग मोडला. जाता जाता सांगावयाचे म्हणजे, पेकिंगला ज्यांनी छेन यांच्यासारख्या विद्यार्थ्यांस सार्वजनिक आरोग्याची वाट दाखविली ते डॉ. जॉन ग्रँट १९३९ मध्ये कलकत्त्याच्या आरोग्यसंस्थेचे प्रमुख होऊन आले आणि पुढे भोर समितीचे सभासद झाले. १९४६ साली त्या समितीने प्राथमिक आरोग्यकेंद्रांची जी शिफारस केली तिच्यामागे चिनी खेड्याचाही अनुभव होता.

तिंग-शिएनचा प्रयोग शांततेत, पैशाच्या आधाराने चालला. शेजारच्या डोंगरात कोटणिसांनी जे पाहिले ते याच गरजेचे दुसरे रूप होते, मात्र भोवती युद्ध होते आणि पैसा नव्हता. कॅनडाचे शल्यवैद्य डॉ. नॉर्मन बेथ्यून यांनी १९३८-३९ मध्ये या भागात काम केले. शस्त्रक्रियेचे सर्व सामान खेचराच्या पाठीवर मावेल अशी खोगिरे त्यांनी बनवून घेतली. वैद्यांची वाट पाहण्यापेक्षा येथील तरुणांस शिकवावे, हा त्यांचा हट्ट होता. शस्त्रक्रिया करताना बोट कापले, रक्त दूषित झाले आणि १२ नोव्हेंबर १९३९ रोजी ते वारले. त्यांच्या नावाची आरोग्यशाळा तांग परगण्यातील गेगुंग या खेड्यात होती. कोटणीस तेथे आले.

शाळा म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे इमारत येते. येथे इमारत नव्हती. विद्यार्थी शेतकऱ्यांच्या घरी राहत, रोगीही शेतकऱ्यांच्या घरीच ठेवलेले. वर्ग अंगणात भरे. जपानी तुकडी जवळ आल्याची बातमी येताच शाळा, रुग्णालय, रोगी, पुस्तके सर्व काही डोंगरात हलवावयाचे. धोका टळला की पुन्हा अंगणात. विद्यार्थी म्हणजे खेड्यांतील व सैन्यातील तरुण मुले; कित्येकांचे शिक्षण नावापुरते. सकाळी शरीरशास्त्राचा पाठ ऐकणारा विद्यार्थी दुपारी जखमींची डोली खांद्यावर घेई. सेवा आणि अध्ययन यांची येथे वेगवेगळी तासिका नव्हती.

आता अशा विद्यार्थ्यास शिकवावयाचे कोणत्या भाषेत? इंग्रजी वैद्यक ग्रंथ कोटणिसांस येत होते, पण त्या अंगणात इंग्रजीचा उपयोग शून्य. दुभाष्याकरवी शस्त्रक्रिया शिकविता येत नाही. धमनी सापडली नाही तर दुभाषी वाक्य पुरे करीपर्यंत रोगी राहत नाही. कोटणिसांनी चिनी भाषा बोलण्यापुरती नव्हे, वाचण्यालिहिण्यापुरती आत्मसात केली. तेवढ्यावर न थांबता त्यांनी चिनी विद्यार्थ्यांसाठी शल्यविद्येचे प्राथमिक पुस्तक तयार केले आणि दुसरे, अधिक सविस्तर, लिहावयास घेतले. आमच्या मते चीनमधील त्यांची सर्वांत मोठी कर्तबगारी ही आहे. शस्त्रक्रिया करणारे शूर वैद्य युद्धात पुष्कळ झाले. चाळिशीच्या आत नव्हे, तिशीत नुकत्याच आलेल्या माणसाने, परक्या लिपीत, दिव्याच्या उजेडात, ज्यांच्यापाशी दुसरे पुस्तकच नाही अशा मुलांसाठी पाठ्यपुस्तक लिहावे ही गोष्ट निराळी.

शस्त्रक्रियाही थोड्या नव्हत्या. १९४० च्या उत्तरार्धात आठव्या मार्गसेनेने 'शंभर पलटणींची' म्हणून गाजलेली मोहीम काढली. तीतील एका तेरा दिवसांच्या लढाईत कोटणिसांकडे ८०० वर जखमी आले व त्यांतील ५५८ जणांवर त्यांनी शस्त्रक्रिया केल्या असे सांगतात. बसू येनानला परतले. कोटणीस एकटे मागे राहिले. जानेवारी १९४१ मध्ये बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुखपद त्यांच्याकडे आले. नोव्हेंबर १९४१ मध्ये त्यांनी त्याच शाळेत परिचर्या शिकविणाऱ्या कुओ छिंग-लान यांच्याशी विवाह केला. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याचे नाव यिन-हुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन.

१९४१-४२ ही दोन वर्षे त्या मुलखास सर्वांत कठीण गेली. सर्व जाळा, सर्व मारा, सर्व लुटा असे जपानी सेनेचे धोरण चिनी लोक तीन शब्दांत सांगत. ज्या शेतकऱ्याच्या घरी रोगी सापडेल त्याचे काय होई हे सांगावयास नको. तरीही रोगी घरांत ठेवले जात होते. आम्ही कोटणिसांनी चीनला काय दिले हे मोजतो. त्यांच्या रोग्यांस ओसरी देणाऱ्या, स्वतःच्या तुटपुंज्या ज्वारीबाजरीतून त्यांस घास देणाऱ्या त्या शेतकऱ्यांनी काय दिले हे कोणी मोजावे? कोटणिसांस ते ठाऊक असले पाहिजे. एरवी अपस्माराचे झटके येऊ लागल्यावर, उपचारासाठी अन्यत्र जावे असा वरिष्ठांचा सल्ला असताना, ते तेथेच का राहिले याचा उलगडा होत नाही. पाठ्यपुस्तक अपुरे होते, विद्यार्थी अर्धवट शिकलेले होते.

हा निर्णय बरोबर होता काय? आम्हांस निश्चयाने होय म्हणवत नाही. वैद्याने स्वतःच्या दुखण्याकडे असे पाहू नये असे त्यांनी आपल्या रोग्यास खचित सांगितले असते. आणखी वीस-तीस वर्षे जगलेल्या कोटणिसांनी चीनमध्ये किंवा सोलापुरात काय काय केले असते, या विचाराने मन हळहळते. पण तीन वर्षांचा, चार वर्षांचा सहवास झालेल्या माणसांस संकटात टाकून, औषधोपचारासाठी का होईना, निघून जाणे त्यांच्या मनास पटले नाही. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, ते वारले. मुलगा साडेतीन महिन्यांचा होता. दुसरे पुस्तक तसेच राहिले.

त्यांचे दफन प्रथम त्याच डोंगरी भागात झाले. पुढे अवशेष शीज्याझ्वांग येथील हुतात्म्यांच्या स्मशानभूमीत नेण्यात आले. बेथ्यून यांची समाधीही तेथेच आहे. त्याच शहरात कोटणिसांच्या नावाची वैद्यकशाळा आहे, आणि सोलापुरास त्यांच्या राहत्या घरी स्मारक आहे. कुओ छिंग-लान पुढे भारतात येऊन सासरच्या माणसांस भेटून गेल्या. त्या २०१२ मध्ये वारल्या. यिन-हुआ मात्र १९६७ सालीच, वैद्यकाचा अभ्यास करीत असताना गेला. वय पंचवीसही पुरे नव्हते.

डॉ. बसू १९४३ मध्ये मायदेशी परतले. १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस ते पुन्हा चीनला गेले, ते या वेळी निव्वळ विद्यार्थी म्हणून. सुया टोचून रोग बरा करण्याची जुनी चिनी विद्या त्यांनी तेथे शिकून घेतली. कलकत्त्यास परत आल्यावर ते ती विद्या रोग्यांवर वापरीत आणि तरुण डॉक्टरांस शिकवीत. तिच्या गुणावगुणांविषयी वैद्यांत अजून वाद आहेत. परंतु बसूंच्या दवाखान्यातून बाहेर पडलेले शिष्य बंगालभर पसरले, आणि त्यांच्यापैकी अनेकांनी आपल्या कामास नाव दिले ते कोटणिसांचे.