खुराड्यांतील दिवा

मास्तरकी सोडून मला बरींच वर्षें झालीं. पण वर्गांत दिलेल्या एका उत्तराची रुखरुख अजून मनांतून गेलेली नाहीं. इंग्रजीच्या पुस्तकांत परदेशांतील एका शेतावरचा धडा होता. तेथील कोंबड्या हिवाळ्यांत अंडीं देत नाहींत, असें एक वाक्य त्यांत आलें. मागच्या बाकावरच्या एका मुलानें उभें राहून विचारलें, "गुरुजी, कां देत नाहींत?" क्षणाचाहि विलंब न लावतां मीं सांगितलें, "थंडीमुळें." "मग खुराड्यांत शेगडी ठेवली तर?" त्याचा दुसरा प्रश्न. मी म्हणालों, "मग देतील कीं!" मुलगा समाधानानें खालीं बसला आणि मी पुढच्या ओळीकडे वळलों.

माझें उत्तर चुकीचें होतें, हें कळावयास मला निवृत्त व्हावें लागलें. मौज अशी कीं, हीच चूक माझ्यापूर्वीं कितीतरी वर्षें अमेरिकेंतील जाणत्या शेतकऱ्यांनीं केली होती. ती चूक दुरुस्त कशी झाली, ही हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे.

प्रथम प्रश्नाचें स्वरूप पाहूं. मुंबईस वर्षांतला सर्वांत लहान दिवस सुमारें 11 तासांचा, तर सर्वांत मोठा सव्वातेरा तासांचा असतो. हा फरक आपल्या ध्यानांतहि येत नाहीं. परंतु न्यूयॉर्क राज्यांतील इथाका हें गांव सुमारें 42 उत्तर अक्षांशावर वसलेलें आहे. तेथें जूनमधला दिवस सव्वापंधरा तासांचा, तर डिसेंबरमधला जेमतेम 9 तासांचा. कॅनडांतील एडमंटन शहर आणखी उत्तरेस आहे. तेथें हिवाळ्यांत सूर्य साडेसात तासच काय तो दिसतो. अशा मुलखांत पानगळीचे दिवस आले कीं, कोंबडीचीं पिसें झडूं लागतात, तुरा सुकतो, आणि अंडीं देणें थांबतें. मग पुन्हा वसंत ऋतूपर्यंत घरट्यांत हात घालावा तो रिकामाच बाहेर यावा.

ही गोष्ट वरवर क्षुल्लक वाटेल. पण त्या काळीं अंड्यांचा पैसा बहुधा शेतकऱ्याच्या घरधनिणीचा असे. पीक हातीं येईपर्यंत किराणा, कापडचोपड, मुलांचीं पुस्तकें, सारें त्या पैशांतून भागे. घरोघरीं शीतपेट्या नव्हत्या; म्हणून गृहिणी वसंतांतलीं स्वस्त अंडीं चुन्याच्या निवळींत किंवा सोडियम सिलिकेटच्या द्रावणांत बुडवून हिवाळ्यासाठीं ठेवीत. तीं खपत, पण ताज्याची चव त्यांस कोठून येणार? ताज्या अंड्याला डिसेंबरांत चढा भाव मिळे, आणि नेमकें तेव्हांच अंडें नसे.

उपाय कोणता? जो मीं वर्गांत सांगितला तोच! शेतकऱ्यांनीं खुराड्यांच्या फटी बुजवल्या, दुहेरी भिंती घातल्या, कोणी कोणी आंत शेगड्याहि पेटवल्या. परिणाम उलटा झाला. कोंडलेल्या हवेंत ओल साठली आणि कोंबड्या आजारी पडूं लागल्या. पुढें 1900 नंतर मेन या अतिशीत राज्याच्या प्रयोगक्षेत्रावर समोरची बाजू मोकळी ठेवून तिला फक्त कापडी पडदा लावलेलीं खुराडीं बांधण्यांत आलीं. त्या थंडगार पण कोरड्या हवेंत कोंबड्या ठणठणीत राहिल्या. कोंबडीच्या अंगावर पिसांची उबदार गोधडी असतेच. तेव्हां थंडी हा खरा अपराधी नव्हे, अशी शंका येऊं लागली.

मग अपराधी कोण? या प्रश्नाचें उत्तर एका अर्थीं जगाला पूर्वींच सांपडलें होतें. फक्त तें उत्तर आहे हें कोणास ठाऊक नव्हतें. जपानांत उगुइसु नांवाचा गाणारा पक्षी पाळण्याचा शोक जुना आहे. हा पक्षी एरवीं वसंतांत गातो. पण शोकीन लोक सूर्यास्तानंतर कांहीं तास त्याच्या पिंजऱ्याजवळ दिवा ठेवीत, आणि ऐन हिवाळ्यांत त्याचें गाणें ऐकत. हॉलंडमधील पारधीहि गाणारे पक्षी उन्हाळाभर अंधारांत ठेवून पानगळीच्या वेळीं उजेडांत आणीत. ते भलत्या ऋतूंत गाऊं लागत, आणि त्यांच्या सुरावर रानपाखरें जाळ्यांत येत. अक्षरशत्रु पारध्यानें ऋतूचें कुलूप उघडलें होतें. किल्लीचें नांव मात्र त्याला सांगतां आलें नसतें.

कोंबड्यांच्या बाबतींत अमेरिकेंतील पहिलें नांव घेतलें जातें तें बफलो येथील डॉ. वॉल्डॉर्फ या वैद्याचें. त्यांनीं 1889 सालीं आपल्या कोंबड्यांना दिव्याचा उजेड देऊन पाहिला. शेजाऱ्यापाजाऱ्यांनीं या दीपोत्सवास काय म्हटलें असेल, त्याची कल्पनाच केलेली बरी! पुढें 1910 नंतरच्या दशकांत वॉशिंग्टन राज्यांतील पुयालप येथील प्रयोगक्षेत्रावर जॉर्ज शूप यांनीं, आणि इथाका येथील कॉर्नेल विद्यापीठांत प्राध्यापक जेम्स राइस यांनीं, या गोष्टीचा पद्धतशीर अभ्यास केला. एका खुराड्यांत दिवा आणि दुसऱ्यांत अंधार. दाणा तोच, जात तीच, थंडीहि तीच. दिव्याच्या खुराड्यांत हिवाळ्यांत अंडीं मिळूं लागलीं. विशेष हें कीं, वर्षाच्या एकूण बेरजेंत फारशी वाढ होत नसे. वसंतांतलीं स्वस्त अंडीं जणूं हिवाळ्याच्या महाग बाजारांत सरकत. शेतकऱ्याला तेवढेंच पुरेसें होतें.

दिवा लावणें म्हणजे नुसतें बटण दाबणें नव्हे, हेंहि लवकरच कळलें. संध्याकाळीं दिवा एकदम विझवला तर कोंबड्या जमिनीवर जेथल्या तेथें अडकून पडत. कारण अंधारांत त्यांना दांडीवर चढतां येत नाहीं. म्हणून कोणी मालवण्यापूर्वीं ज्योत हळूहळू मंद करी, तर कोणी संध्याकाळ सोडून पहांटे दिवा लावी, म्हणजे पुढें उजाडतेंच. पहांटे चारला उठण्याचा कंटाळा असलेल्यांनीं गजराच्या घड्याळाला दोरी बांधून तिनें बटण ओढण्याची युक्ति काढली. प्रकाश फार प्रखर लागत नसे. पक्ष्याच्या उंचीवर वर्तमानपत्र वाचतां यावें, इतका पुरे. पण दिवा हिवाळ्याच्या मध्यें अचानक बंद केला तर कोंबड्या लगेच पिसें झाडीत आणि अंडीं थांबत. एकदां आरंभिलेलें व्रत मोडणें महागांत पडे.

आतां दुसरी चूक पाहा. दिव्यानें अंडीं वाढतात हें सिद्ध झालें, पण कां? विद्वान् म्हणाले, उत्तरेकडील रात्र चौदा-पंधरा तासांची, तेवढ्या वेळांत कोंबडीचें पोट रिकामें होतें. दिवा लावला कीं तिला चरावयास अधिक वेळ मिळतो, म्हणून ती अंडीं देते. स्पष्टीकरण इतकें सरळ होतें कीं, तें बरींच वर्षें निर्वेध चाललें.

त्याला धक्का बसला तो भलत्याच दिशेनें, तंबाखूच्या शेतांतून. गार्नर आणि अलार्ड या अमेरिकन सरकारी शास्त्रज्ञांजवळ तंबाखूची एक जात होती. ती उन्हाळाभर वाढे, पण फुलेना. त्यांनीं 1918 मध्यें कांहीं झाडें रोज दुपारीं चारला काळोख्या खोलींत नेलीं व सकाळीं नऊला बाहेर आणलीं. दिवस असा लहान केल्याबरोबर झाडें फुललीं! झाड दिवसाची लांबी मोजतें, हा त्यांचा शोध 1920 सालीं प्रसिद्ध झाला.

मग पक्षीहि दिवस मोजीत असतील काय? हा प्रश्न एडमंटनच्या विल्यम रोवन यांनीं हातीं घेतला. त्यांनीं 1924 च्या पानगळींत जंको नांवाचे लहान रानपक्षी पकडून उघड्या पिंजऱ्यांत ठेवले. पारा शून्याखालीं चाळीस अंशांच्या आसपास उतरे. कांहीं पिंजऱ्यांत सूर्यास्तानंतर विजेचे दिवे लावून दिवस रोज थोडाथोडा लांबवला, बाकीच्यांत नाहीं. त्या हाडें गोठविणाऱ्या थंडींत दिव्याखालच्या पक्ष्यांचीं जननेंद्रियें वसंत ऋतु आल्याप्रमाणें पुष्ट झालीं. अंधारांतल्यांचीं मात्र सुकलेलींच राहिलीं. थंडीवर ठेवलेला आरोप येथें कायमचा निकालांत निघाला. तरी रोवनसुद्धां अर्धेच बरोबर होते. दिव्यामुळें पक्षी जागा राहतो, हालचाल करतो, आणि त्या व्यायामानें हा फरक पडतो, असें त्यांना वाटे.

हा शेवटचा पडदा दूर केला फ्रान्सच्या झाक बेन्वा यांनीं. त्यांनीं 1935 च्या सुमारास बदकांवर प्रयोग आरंभिले. दृष्टि नष्ट झालेलीं बदकेंहि प्रकाशाला प्रतिसाद देत. बारीक क्वार्ट्झच्या दांडीनें उजेड थेट मेंदूच्या तळाशीं नेला, तरीहि परिणाम दिसे. पक्ष्याच्या कवटींतून, विशेषतः तांबडा प्रकाश, आंत झिरपतो. मेंदूंतल्या पेशी तो ओळखतात, आणि पिट्युइटरी ग्रंथीला संदेश जाऊन अंडाशय जागें होतें. कोंबडी डोळे मिटूनहि पंचांग पाहते, असें म्हटलें तरी चालेल.

एडिथ व्हेथम या विदुषीनें 1933 मध्यें निरनिराळ्या अक्षांशांवरील अंड्यांचे आंकडे पडताळून आणखी एक गोष्ट दाखवली: दिवस किती मोठा आहे याइतकेंच तो वाढतो आहे कीं घटतो आहे, यालाहि महत्त्व आहे. पुढें इंग्लंडांत रेडिंग विद्यापीठांतील ट्रेव्हर मॉरिस आदि संशोधकांनीं तें पक्कें केलें. वाढत्या वयाच्या तलंगांचा दिवस वाढवूं नये, आणि अंडीं देणाऱ्या कोंबडीचा घटवूं नये, हा आजचा नियम त्यांतूनच आला.

या ज्ञानाचा लाभ सर्वांस सारखा मिळाला असें मात्र नाहीं. 1930 च्या सुमारास अमेरिकेंतील दहांपैकीं सुमारें एकाच शेतावर वीज होती. बाकीचे रॉकेलच्या कंदिलावर भागवीत आणि गवताला आग लागण्याची धास्ती बाळगीत. 1935 मध्यें ग्रामीण विद्युतीकरणाची सरकारी योजना निघाल्यावर तारा खेड्यांत पोंचल्या, आणि घराबरोबर खुराडेंहि उजळलें. आपल्याकडे 1971 सालीं व्यंकटेश्वरा हॅचरीज् स्थापन झाली आणि कुक्कुटपालन मोठ्या प्रमाणावर वाढलें. आपला दिवस फारसा लहान होत नसला, तरी तो सोळा तासांचा कधींच नसतो. म्हणून येथील शेडांतहि दिवे लागतात.

श्रोतेहो, एक विचार मात्र मनास टोंचतो. ज्या प्राण्याचा ऋतु आपण हिरावून घेतला, त्याची रात्रहि आपणच राखली पाहिजे. युरोपीय संघानें 1999 च्या एका आदेशांत कोंबड्यांना दिवसाच्या सुमारें एकतृतीयांश अखंड अंधार द्यावा, असें सांगितलें आहे. कारखान्यांतल्या पक्ष्यासाठीं कायद्याला झोप मोजून द्यावी लागावी, यांत आपल्या प्रगतीचें यशहि आहे आणि लाजहि आहे.

तो मुलगा आतां कोठें असेल मला ठाऊक नाहीं. त्याचा दुसरा प्रश्न, "शेगडी ठेवली तर?" हाच खरा शास्त्रज्ञाचा प्रश्न होता, करून पाहण्यासारखा. मीं "देतील कीं" म्हणून तो मिटवला. "करून पाहूं या" एवढें म्हटलें असतें तर आम्हां दोघांनाहि पुष्कळ कळलें असतें. तो हें भाषण ऐकत असेल तर त्याला माझा निरोप आहे: बाळ, थंडीचा अपराध नव्हता, अंधाराचा होता.