आयुर्वृद्धीची आकांक्षा आणि बोग्दानोव्ह यांचा रक्तविनिमय
आयुर्मर्यादा ओलांडण्याच्या प्रयत्नांचा इतिहास पाहताना, ते वाढीव आयुष्य कोणाच्या बळावर, हा प्रश्न टाळता येत नाही. पॅरिसमध्ये १९२० पासून सर्ज व्होरोनॉफ यांनी वानरांच्या वृषणग्रंथींचे काप वयस्कर पुरुषांच्या शरीरात रोपिले; त्या व्यवहारात वानराला काहीच मिळणार नव्हते. रशियन विचारवंत अलेक्झांडर बोग्दानोव्ह यांनी मात्र परस्परविनिमयाचा आग्रह धरला. मॉस्को येथे १९२६ मध्ये स्थापन झालेल्या रक्तसंक्रमण संस्थेचे ते संचालक होते. तरुणाने जोम द्यावा, वृद्धाने आयुष्यभरात कमावलेली रोगप्रतिकारशक्ती द्यावी, अशी त्यांची कल्पना होती. शास्त्रदृष्ट्या ती भाबडीच. परंतु तिची जोखीम त्यांनी स्वतःच्या देहावर घेतली, हे प्रस्तुत लेखकास अधिक मोलाचे वाटते. १९२८ मध्ये क्षय व हिवताप असलेल्या एका विद्यार्थ्याशी रक्ताची अदलाबदल केल्यानंतर, वयाच्या ५४ व्या वर्षी, बोग्दानोव्ह निवर्तले. विद्यार्थी बरा झाला.