मिठाचा रेणू कुणी पाहिलाय?

आजचा एपिसोड मिठावर. शाळेत फळ्यावर दोन गोळे काढायचे, एक सोडियम, एक क्लोरीन, एकमेकांना चिकटलेले. हा म्हणे मिठाचा रेणू. मी बीटेक होईपर्यंत हेच चित्र डोक्यात घेऊन फिरलो. आणि मिठाच्या खड्यात असा रेणू नसतोच!

हे कळलं १९१३ मध्ये. आदल्या वर्षी म्युनिकमध्ये माक्स फॉन लाउए आणि सहकाऱ्यांनी दाखवलं होतं की स्फटिकातून क्ष-किरण सोडले की फोटोच्या काचेवर ठिपक्यांची नक्षी उमटते. केंब्रिजच्या लॉरेन्स ब्रॅगने त्या ठिपक्यांवरून उलटं जाऊन अणू कुठे बसलेत ते काढलं. आमच्या भाषेत रिव्हर्स इंजिनिअरिंग. वय फक्त २३.

मिठात त्याला काय सापडलं? प्रत्येक सोडियमभोवती सहा क्लोरीन, प्रत्येक क्लोरीनभोवती सहा सोडियम. बुद्धिबळाचा पट, पण तिन्ही दिशांना पसरलेला. आता यातली जोडी कुठली सांगा बरं? सोडियमने एक इलेक्ट्रॉन दिलेला, क्लोरीनने घेतलेला, त्यामुळे हे सगळे धन आणि ऋण आयन. ओढ सगळ्या शेजाऱ्यांशी. म्हणून तर मीठ वितळायला ८०१ अंश सेल्सिअस लागतात, अख्खी चौकटच मोडावी लागते ना.

१९१५चं नोबेल लॉरेन्स आणि त्याचे वडील विल्यम, दोघांना मिळालं. त्याच वर्षी धाकटा भाऊ रॉबर्ट गॅलिपोलीच्या लढाईत गेला. त्या घरात आनंद कसा साजरा झाला असेल, मला कल्पना करवत नाही.

एवढं होऊनही १९२७ मध्ये हेन्री आर्मस्ट्राँग नावाच्या ७९ वर्षांच्या रसायनशास्त्रज्ञाने 'नेचर'मध्ये चिडून पत्र लिहिलं. मथळा, 'पुअर कॉमन सॉल्ट!' म्हणणं असं, की रेणू नाही, नुसता पट, हा शुद्ध वेडेपणा आहे, आणि हे काही रसायनशास्त्रातलं क्रिकेट नव्हे. अक्षरशः क्रिकेट! हसू येतं, पण मला त्याचा राग समजतो. ज्याचं आयुष्य रेणू जुळवण्यात गेलं, त्याला कुणी भौतिकशास्त्रवाला येऊन सांगतो, तुझा रेणू इथे नाहीच. सूत्रातलं एनएसीएल म्हणजे नुसतं एकास एक प्रमाण.

घरी खडेमीठ असेल तर एक खडा बत्त्याने फोडून बघा. तो चेपत नाही, तडकतो. धक्क्याने थर जरासा सरकतो, धनासमोर धन, ऋणासमोर ऋण येतं, आणि ते एकमेकांना ढकलून देतात.