हॉटेल

पोलादपुरात महाबळेश्वरचा रस्ता फुटतो, तिथे वडापाव आणि कटिंग विकणारी चार बाकड्यांची जागाही ‘हॉटेल’च. खोली एकही नाही, तरी कुणाची तक्रार नाही.

लॅटिनमध्ये ‘होस्पेस’ म्हणजे पाहुणा, आणि यजमानसुद्धा! (बिल कोण भरत असेल?) पाहुण्यांची जागा ती ‘होस्पिताले’. त्यातूनच हॉस्पिटल आलं आणि फ्रेंच-इंग्रजी वळसा घेऊन आपलं हॉटेल. इटलीत ‘होस्पेस’चा ‘ओस्ते’ झाला, म्हणजे खानावळवाला. त्याची ती ‘ओस्तेरिया’. गल्लीतली साधी जागा, वाइन आणि घरगुती जेवण. महाडच्या मच्छी-थाळीवाल्या हॉटेलाची ही नात्यातलीच.

मराठीत ‘हॉटेलात जाऊ’ म्हटलं की पोरं मसाला डोसाच मागतात. महाडला मुक्काम करायचा असेल, तर लॉज विचारा.